चाकाला काय लावायचं? साबण, रॉकेल, ॲसिड आणि बाकीचं

वॉशिंग सेंटरवर मोटारसायकल स्टँडवर चढली की धुणारा मुलगा आधी चाकांकडे वळतो. भिंतीशी वरून कापलेला एक कॅन असतो, त्यात गुलाबी नाहीतर हिरवट पाणी. ब्रश त्यात बुडवून तो रिमवर फिरवतो आणि मिनिटभरात काळा थर ओघळून खाली येतो. कॅनवर लेबल नसतं. विचारलं तर ‘शाम्पू आहे’ किंवा ‘केमिकल आहे साहेब, कंपनीचं’ एवढंच उत्तर मिळतं. त्या पाण्यात साधा साबण असेल, कॉस्टिक सोडा असेल, किंवा फरशीचं ॲसिड पातळ करून घातलेलं असेल. त्या दिवशी तिन्हींनी चाक सारखंच स्वच्छ दिसतं. फरक कळतो तो एक पावसाळा गेल्यावर, जेव्हा रिमवर पांढरट ढग उमटतात किंवा स्पोकच्या मुळाशी गंजाचे ठिपके दिसू लागतात. तोवर त्या धुण्याची आठवणही राहिलेली नसते, आणि दोष गाडीच्या कंपनीवर जातो.

चाकं आणि चकचकीत धातू कशाने धुवावेत यावर गॅरेजवाला एक सांगतो, स्पेअर पार्टच्या दुकानातला दुसरं, गाडीसोबत आलेली पुस्तिका तिसरंच, आणि यूट्यूबवर तर कोकाकोलापासून टूथपेस्टपर्यंत सगळं चालतं. हे सगळं समोर ठेवून पाहिलं तर माझं मत असं झालं आहे: मोटारसायकलच्या चाकाला कडक औषधाची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. कडक औषध धुणाऱ्याचा वेळ वाचवतं. ज्याच्या दारात रविवारी सकाळी गाड्यांची रांग आहे त्याला ते परवडतं, कारण त्याला ती गाडी पुढची दहा वर्षं वापरायची नसते.

पण ‘कडक’ म्हणजे काय, हे समोर कोणता धातू आहे त्यावर ठरतं. एकाच गाडीवर निदान सहा-सात तऱ्हेचे पृष्ठभाग असतात आणि एकाला मानवणारं दुसऱ्याला मानवत नाही.

क्रोमपासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. बुलेटची किंवा जुन्या जावा-येझदीची चमकणारी रिम म्हणजे पोलाद; त्यावर निकेलचा थर आणि अगदी वर क्रोमियमचा. हा वरचा मुलामा इतका पातळ असतो की बहुधा अर्धा मायक्रॉनही भरत नाही. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. खालचं निकेल त्या मानाने भरभक्कम, दहा ते तीस मायक्रॉनचं. आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो तिचा बराचसा भाग या निकेलचा असतो; क्रोम त्याला निळसर झाक देतं आणि ओरखड्यांपासून वाचवतं. क्रोमियम फार कठीण धातू आहे, पण त्याच्या थराला सूक्ष्म भेगा आणि छिद्रं असतात. क्रोमवर दिसणारा गंज क्रोमचा नसतोच. तो त्या छिद्रांतून वर आलेला पोलादाचा गंज असतो.

आता या मुलाम्यावर टॉयलेट क्लीनर ओतला की काय होतं ते पाहा. या बाटल्यांत साधारण दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंजाचे ठिपके खरोखरच दोन मिनिटांत जातात, म्हणून तर हा उपाय तोंडोतोंडी पसरला. पण हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमियम विरघळवतं. मुलामा देणारे कारखाने जुना क्रोम उतरवायला तेच वापरतात. एकदा-दोनदा वापरून कदाचित काही दिसणार नाही. पुढे कधीतरी उन्हात रिमकडे नीट पाहिलं की तिची निळसर झाक जाऊन किंचित पिवळट रंग आलेला दिसतो. तो पिवळेपणा म्हणजे उघडं पडलेलं निकेल. तिथे कोणतंही पॉलिश लावून निळी झाक परत येत नाही, पुन्हा प्लेटिंगच करावं लागतं. शिवाय ॲसिडमधलं क्लोराइड स्पोकच्या भोकांत आणि निपलच्या आट्यांत शिरून बसतं. वरून पाणी मारून ते पूर्ण निघत नाही आणि गंज आतून चालू राहतो. मिठाने जे समुद्रकाठी वर्षभरात होतं त्याची सुरुवात इथे एका रविवारात होते.

ॲल्युमिनियमचं शास्त्र वेगळं. मॅगव्हील म्हणून सगळे ओळखतात ती आपल्याकडची चाकं ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूची, ओतून केलेली असतात. ॲल्युमिनियमला हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ पापुद्रा येतो आणि तोच त्याचं संरक्षण करतो. हा पापुद्रा साधारण 4 ते 8.5 पीएचच्या दरम्यान टिकतो. त्याखाली ॲसिड त्याला खातं, त्यावर अल्कली. लोक ॲसिडला घाबरतात आणि अल्कलीकडे दुर्लक्ष करतात, हा इथला मोठा घोटाळा. कॉस्टिक सोडा उघड्या ॲल्युमिनियमवर पडला की बारीक बुडबुडे फुटू लागतात. तो हायड्रोजन असतो, म्हणजे धातू प्रत्यक्ष विरघळत असतो. पुसल्यावर पृष्ठभाग काळपट-करडा होतो, कारण ॲल्युमिनियम गेलं आणि न विरघळणारं सिलिकॉन मागे राहिलं. इंजिनच्या क्रँककेसवर असे करडे ओघळ दिसले, तर कुणीतरी वरून कडक डीग्रीझर मारून तो वाळू दिला आहे हे समजावं.

बहुतेक मॅगव्हील मात्र उघडी नसतात. त्यांवर रंग किंवा पावडर कोटिंग असतं, आणि काही चाकांच्या कडा मशीनवर तासून चमकवलेल्या व त्यावर पारदर्शक लॅकर दिलेल्या असतात. रंग शाबूत आहे तोवर साबणाची निवड थोडी चुकली तरी चाक सहन करतं. खरी गडबड खडा लागून रंग उडाला असेल तिथे होते. लॅकरच्या त्या टवक्यातून खारट दमट हवा आत जाते आणि लॅकरखाली केसांसारख्या बारीक पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेषा सरकत जातात. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, पणजी या पट्ट्यातल्या गाड्यांवर अशा रेषा शोधाव्या लागत नाहीत. त्या लॅकरच्या खाली असतात, त्यामुळे वरून कितीही घासलं तरी जात नाहीत. घासून लॅकरच जातं.

बाकीचे पृष्ठभाग थोडक्यात सांगतो. सोनेरी, लाल किंवा निळे ॲनोडाइज केलेले भाग (महागड्या गाड्यांचे फोर्क, लिव्हर, हँडलचे क्लँप) अल्कलीला फार हळवे असतात. एकदा ओघळाचा डाग पडला की तो कायमचा. जस्ताचा मुलामा असलेले नट, बोल्ट आणि काही स्पोक लिंबू-व्हिनेगरलाही दाद देतात, इतका तो मुलामा नाजूक असतो. ब्रेकची डिस्क स्टेनलेस स्टीलची असते आणि तिला साफ करण्यापेक्षा तिच्यावर काही न पडू देणं जास्त महत्त्वाचं. मॅट रंगाला वॅक्स किंवा पॉलिश लावलं की तो डागाडागांनी चमकू लागतो आणि पुन्हा मॅट होत नाही.

इतकं धातूंचं झालं. आता घाणीचं. बाजारातले बहुतेक ‘व्हील क्लीनर’ मुळात मोटारींसाठी बनले आहेत. मोटारीच्या पुढच्या चाकांवर ब्रेक पॅडची आणि डिस्कची गरम लोखंडी भुकटी बसते, लॅकरमध्ये रुतते आणि तिथेच गंजते. ती काढायला साधा साबण पुरत नाही, म्हणून ही औषधं आली. आपल्या शंभर-दीडशे सीसीच्या मोटारसायकलवर अशी भुकटी फार थोडी. मागच्या चाकावरचा काळा चिकट थर हा चेनवरून उडालेल्या तेलाचा असतो, त्यात धूळ कालवलेली. पुढच्या चाकावर चिखल, डांबराचे ठिपके, किडे. तेल विरघळायला ॲसिडचा काडीचा उपयोग नाही. त्याला तेलात मिसळणारं काहीतरी, म्हणजे रॉकेल किंवा साबण लागतो. म्हणजे जे महाग औषध आपण विकत घेतो ते बरेचदा आपल्याकडे नसलेल्या घाणीवरचं असतं.

आपला चिखलही एकसारखा नाही. मराठवाडा-विदर्भातली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी धरून बसते; तिला खरवडू नये, पाणी मारून वीस मिनिटं भिजू द्यावी, ती स्वतःच सुटते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत लोहाचे ऑक्साइड भरपूर, तिचा तांबूसपणा फिकट रंगाच्या चाकावर मागे राहतो. आणि घाटमाथ्यावरच्या रस्त्यांची धूळ म्हणजे बेसॉल्टची कच. ती लॅकरपेक्षा कितीतरी कठीण असते. कोरड्या फडक्याने ‘जरा पुसून घेतो’ म्हणणारा माणूस पॉलिश पेपरने चाक घासत असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. कुठल्याही औषधाआधी साधं पाणी भरपूर वापरणं ही निम्मी सुरक्षितता आहे.

घरात हाताशी असलेल्या गोष्टी आता एकेक पाहू. कपडे धुण्याची पावडर सर्वात जास्त वापरली जाते आणि ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, पाण्यात मिसळल्यावर पीएच साधारण 10 ते 11 पर्यंत जातो. रंगावर एखाद्या वेळी चालून जाईल, पण उघड्या ॲल्युमिनियमला आणि ॲनोडाइज भागांना ती मंद विषासारखी आहे, आणि न विरघळलेले कण घासले जातात ते वेगळंच. भांड्यांची वडी त्याहून वाईट, कारण तिच्यात घासण्यासाठी मुद्दाम खनिजाची भुकटी घातलेली असते. भांड्यांचा द्रव साबण त्या मानाने बरा. तो बहुधा उदासीन पीएचच्या जवळ असतो आणि चेनच्या तेलावर चांगला चालतो. पण तो वॅक्सही काढून नेतो आणि अनेकदा दाट करण्यासाठी त्यात मीठ घातलेलं असतं. क्वचित, मागच्या चाकापुरतं, आणि लगेच भरपूर पाणी: या अटींवर चालेल. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण त्याहून बरा. सगळ्यात साधा आणि बिनधोक पर्याय म्हणजे पीएच उदासीन असलेला गाडीचा शाम्पू. एक बाटली दुचाकीला वर्षभर सहज पुरते.

रिठ्याचं नाव घेतलं की लोक हसतात. पण सोनार चांदीसोनं रिठ्याच्या पाण्यात धुतात ते उगाच नाही. रिठ्याचं पाणी सौम्य आम्लधर्मी असतं, त्यातल्या सॅपोनिनमुळे फेस होतो आणि तेल सुटतं. क्रोमच्या मडगार्डला, रंगवलेल्या रिमला ते छान चालतं. चेनच्या जुन्या काळ्या थराला मात्र ते पुरं पडत नाही. चिंच, लिंबू, आमसूल आणि तांब्या-पितळेची पावडर यांचं क्षेत्र देवघर आणि स्वयंपाकघर. जुन्या गाडीवर एखादा खरा पितळी तुकडा असेल तर तेवढ्यापुरतं. पूजेतला तांब्या ज्याने लखलखतो त्याने इंजिनचं ॲल्युमिनियमही लखलखेल हा तर्क पहिल्या पाच मिनिटांपुरताच खरा ठरतो.

पूजेचा विषय आलाच म्हणून दसऱ्याचं सांगतो. पूजेत चाकाला आणि टाकीला लावलेलं हळदकुंकू तसंच आठवडाभर राहिलं तर लॅकरवर डाग धरतं. तो साबणाने घासायला गेलं की लाल होतो, कारण हळद अल्कलीत लाल होते. माणूस घाबरून आणखी जोरात घासतो. त्याची गरज नाही. साध्या पाण्याने धुवावं आणि गाडी दोनचार दिवस उन्हात उभी करावी, उन्हाने हळदीचा रंग आपोआप उडतो. चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा रस मात्र रिमवर उडाला असेल तर त्याच दिवशी पाणी मारावं.

रॉकेल हा आपल्या गॅरेजांचा जुना सोबती. रेशनचं निळं रॉकेल आता सहजी मिळत नाही, तरी हार्डवेअरच्या दुकानात किंवा पेंटवाल्याकडे त्याचे भाऊबंद मिळतात. चेन धुण्यासाठी रॉकेल योग्यच आहे. ओ-रिंग असलेल्या चेनसाठीही अनेक कंपन्या तेच सुचवतात. चिंधीवर घेऊन मागच्या रिमचा काळा थर पुसायलाही चालतं, पण लगेच साबणाने धुवून टाकलं पाहिजे. पेट्रोल वापरू नये. ते ओ-रिंगचं रबर खराब करतं, त्याची वाफ साध्या तापमानाला ठिणगीने पेटते, आणि त्यात बेंझिन असतं. भारतीय मानकांनुसार एक टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं, आणि बेंझिन कर्करोगकारक आहे. उघड्या हाताने, बंद पार्किंगमध्ये पेट्रोलच्या फडक्याने चेन पुसणारे रोज दिसतात. पंप जवळ, पेट्रोल टाकीतच, म्हणून ते सोपं वाटतं इतकंच.

‘खालून डिझेल मारू का?’ हा प्रश्न वॉशिंग सेंटरवर दर पावसाळ्यात विचारला जातो. डिझेलच्या फवाऱ्याने गाडी दोन दिवस काळीकुळकुळीत चमकते. तिसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसते आणि धुण्याआधीपेक्षा जास्त घाण होते. डिझेल रबरात मुरतं आणि रबर फुगतं. बुश, होज, टायरच्या कडा या सगळ्यांना ते लागतं. पण त्याहून गंभीर म्हणजे फवारा डिस्कवर जातो. त्या एका कारणासाठी या प्रश्नाला नेहमी ‘नको’ म्हणावं.

आता खास चाकांसाठी मिळणाऱ्या औषधांकडे येऊ. ढोबळमानाने ती तीन घराण्यांतली असतात. पहिली अल्कलीची, कॉस्टिक किंवा मेटासिलिकेटवर चालणारी. यांच्याबद्दल ॲल्युमिनियमच्या निमित्ताने बोललो आहे. दुसरी लोखंड ओढणारी: यांत थायोग्लायकोलेट नावाचा क्षार असतो, तो लोखंडाच्या कणांशी मिळाला की जांभळट-लाल रंग ओघळू लागतो. व्हिडिओत हा रंग फार नाट्यमय दिसतो, म्हणून यांची विक्रीही जोरात. वास घाण, सडक्या अंड्यांसारखा. केस काढण्याच्या क्रीममध्येही याच घराण्यातलं रसायन असतं, त्यामुळे वास ओळखीचा वाटला तर नवल नाही. पीएच उदासीन असलेलं असं औषध रंगवलेल्या चाकावर बिनधास्त चालतं. सावलीत, थंड चाकावर, आणि वाळण्याआधी धुवून. जड गाडी असेल, डबल डिस्क असतील, रोजची घाटातली धाव असेल तर वर्षातून एकदोनदा त्याचा उपयोग होईल. इतरांनी पैसे वाचवावेत.

तिसरं घराणं ॲसिडचं आणि यातल्या एका सदस्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. काही व्हील ब्राइटनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ट्रकच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या, डब्यांचे पत्रे पांढरेशुभ्र करायला ती वापरतात. सुट्या कॅनमधून तीच दुचाकीवरही पोचू शकतात. हायड्रोफ्लोरिक ॲसिड रसायनशास्त्राच्या भाषेत ‘सौम्य’ ॲसिड आहे, आणि इथेच फसगत होते. ते कातडीला लगेच भाजेलच असं नाही. पातळ असेल तर कित्येक तास काहीच जाणवत नाही. ते कातडीतून आत उतरतं, फ्लोराइड शरीरातल्या कॅल्शियमला पकडतं आणि मग खोलवर, हाडापर्यंत जाणारी वेदना सुरू होते, तीही कधी रात्री झोपेत. मोठ्या भागावर सांडलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भरपूर पाण्याने धुणं आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावून तडक रुग्णालय गाठणं हा उपाय. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगणं तितकंच गरजेचं. बायफ्लोराइडच्या पाण्याचा पीएच तितका खाली नसतो, म्हणून पट्टी बुडवून ‘फार ॲसिड नाही’ असा निष्कर्ष काढणारा चुकतो. लेबलवर फ्लोराइड हा शब्द कुठल्याही रूपात दिसला तर बाटली परत ठेवावी. चाक कितीही मळलेलं असलं तरी त्यासाठी हे घरात आणण्याचं कारण नाही. आणि वॉशिंग सेंटरवर उघड्या पायांनी, हातमोज्यांशिवाय दिवसभर त्या ओघळात उभ्या असणाऱ्या मुलाचा विचार गाडीच्या मालकाने करायला हरकत नाही.

सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्बंध घातले ते ॲसिड हल्ल्यांमुळे. खरेदीदाराचं ओळखपत्र आणि नोंदवही त्यानंतर आली. तरी ‘फरशीचं’ म्हणून बाटली मिळायची ती मिळतेच. तिच्या बाबतीत आणखी एक धोका: ब्लीचच्या पाण्याने धुतलेल्या मोरीत ॲसिड सांडलं की क्लोरीन वायू निघतो. गाडी सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये धुणाऱ्यांनी हे विसरू नये.

रसायनाइतकंच नुकसान घासणीने होतं. भांड्यांच्या हिरव्या घासणीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. क्रोमवर तिच्या बारीक वर्तुळाकार रेघा पडतात आणि लॅकर तर ती एका फेरीत धूसर करते. लोखंडी तारेच्या घासणीचे तुकडे स्टेनलेसवर अडकून स्वतः गंजतात आणि मग लोक म्हणतात स्टेनलेसलाही गंज आला. क्रोमवरच्या गंजाला जुना उपाय चांगला आहे: जेवण गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासणे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्याने ओरखडा पडत नाही आणि गंजाचे ठिपके निघतात. नंतर पुसून वॅक्स लावावं, कारण छिद्रं तिथेच आहेत. यूट्यूबवरच्या कोकाकोलात फॉस्फोरिक ॲसिड आहे, त्याने गंज थोडा सुटतोही. पण फॉइल आणि पाण्याने जे होतं त्यासाठी साखरेचं पाणी स्पोकमध्ये कशाला घालायचं? त्यात मुंग्या आल्या तर त्याचं उत्तर व्हिडिओत नसतं.

पॉलिशमध्ये आपल्याकडे ऑटोसोल फार चालतं. जर्मनीतल्या झोलिंगनची ही ट्यूब बुलेटवाल्यांच्या घरात हमखास सापडते. उघड्या ॲल्युमिनियमला, स्टेनलेसला आणि क्रोमला ते चांगलं. पण त्यात घासणारे कण आहेत हे लक्षात ठेवायला हवं. फडकं काळं होतं ते घाणीने कमी आणि घासून निघालेल्या धातूने जास्त. अर्धा मायक्रॉनचा क्रोम दर आठवड्याला पॉलिश करणं म्हणजे हौसेने तो संपवणं. वर्षातून दोनदा पुरे. लॅकर, पावडर कोटिंग, ॲनोडाइज आणि मॅट यांना ते लावूच नये. पावसाळ्यात रेनकोटची पँट गरम सायलेन्सरला चिकटून वितळते, हा खास आपल्याकडचा डाग. क्रोमचा सायलेन्सर असेल तर तो कोमट करून लाकडी पट्टीने खरवडावं आणि उरलेलं ॲसिटोनने पुसावं, क्रोमला ॲसिटोन काही करत नाही. काळा रंगवलेला सायलेन्सर असेल तर ॲसिटोन डागाबरोबर रंगही नेईल. तिथे डाग ठेवलेला बरा.

ब्रेक आणि टायर या दोन ठिकाणी प्रश्न चमकीचा राहत नाही. टायर पॉलिश, जे धुण्याच्या शेवटी प्रेमाने फुकट मारलं जातं, ते सिलिकॉनचं तेल असतं. मोटारीच्या टायरच्या बाजूला लागलं तर बिघडत नाही. मोटारसायकल वळणावर टायरच्या कडेवर झुकते, आणि नेमकी तीच कड पॉलिशने माखलेली असते. धुणाऱ्याने फडकं हातात घेताच त्याला थांबवावं. डिस्कवर वॅक्स, डब्ल्यूडी-40, चेन ल्यूब, डिझेल यातलं काहीही पडलं की ते पॅडमध्ये मुरतं आणि पॅड बदलण्याशिवाय सहसा गत्यंतर नसतं. डब्ल्यूडी-40 चं नाव आलंच आहे तर: 1953 मध्ये सॅन दिएगोत ते पाणी हटवण्यासाठी तयार झालं, ॲटलास क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंजापासून वाचवायला. स्पोकवर, क्रोमवर, नटांवर पावसाळ्यात ते उत्तम काम करतं, फवारून नव्हे तर चिंधीवर घेऊन. डिस्क साफ करायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा क्लोरीन नसलेला ब्रेक क्लीनर घ्यावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा ओला भाग कुणी वेल्डिंगला घेतला तर उष्णतेने विषारी फॉस्जिन तयार होऊ शकतो.

शेवटचा मुद्दा पाण्याचा, ज्याला कुणी उत्पादन मानत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत आहे. शहराबाहेरच्या सोसायट्यांत, टँकर आणि बोअरवर, याहून कठीण पाणी अनेक ठिकाणी येतं. ते उन्हात क्रोमवर वाळलं की पांढरे ठिपके पडतात आणि लोक त्यावर पुन्हा औषध शोधायला निघतात. व्हिनेगर पाण्यात पातळ करून फडक्याने ठिपक्यावर अर्धा मिनिट ठेवलं तर क्रोमवर ते निघतात. जस्त आणि उघडं ॲल्युमिनियम टाळून. पण सावलीत धुऊन लगेच कोरडं पुसणं याहून स्वस्त. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली असेल, काशीद असो की गुहागर, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने सावकाश धुवावी. जोराच्या प्रेशरने मीठ बेअरिंगच्या सीलमधून आत ढकललं जातं. पाईपचा साधा प्रवाह पुरतो.

म्हणजे खरेदीची यादी फार छोटी होते: शाम्पू, एक मऊ ब्रश, दोन मायक्रोफायबर फडकी (एक फक्त चाकांचं, ते टाकीला लावायचं नाही), थोडं रॉकेल किंवा चेन क्लीनर, नायट्राइलचे हातमोजे आणि वॅक्सचा एक डबा. रॉकेलचं पाणी गटारात जाऊ न देता जुन्या फडक्यात टिपून घ्यावं. धुऊन झाल्यावर गाडी लगेच हायवेवर काढू नये. गल्लीत हळू चालवत दोन्ही ब्रेक पाचसहा वेळा हलके दाबावेत. डिस्क लवकर कोरडी होते, पण मागे ड्रम असेल तर लायनर वाळायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि तोपर्यंत मागचा ब्रेक नेहमीसारखा धरत नाही.